छत्तीस प्रती

रोलर फिरला तेव्हा मी समोरच उभी होते. रंगारी खालून सुरुवात करत वर आला. आधी पाय गेले, मग लाल बनियन गेली, आणि चेहऱ्यापाशी येऊन तो जरा थांबला. "याला काही दुखतंय का हो?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "हो. धावतोय." त्याने मान डोलावली आणि चेहराही झाकून टाकला.

भिंतीवर काम करणाऱ्याने याचं फार वाईट वाटून घ्यायचं नसतं. ऊन, पाऊस, पोस्टर चिकटवणारे, नाहीतर नवा मालक, चित्र कधीतरी जाणारच. पण त्या रंगाऱ्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. इतकी वर्षं लोक म्हणायचे, छान आहे, हुबेहूब आहे. दुखतंय का, असं पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

चित्र होतं चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याचं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये या माणसाने दहा हजार मीटर जिंकली, पाच हजार जिंकली आणि मग आयुष्यात कधीही न धावलेली मॅरेथॉन जिंकली, २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत. एकाच ऑलिम्पिकमध्ये या तिन्ही शर्यती त्यानंतर कोणालाही जिंकता आलेल्या नाहीत. (खाशाबा जाधवांचं कांस्य याच हेलसिंकीचं. त्यामुळे आपल्याला १९५२ म्हटलं की आधी कुस्ती आठवते, आणि ते योग्यच आहे.) पण मला झाटोपेक आवडतो तो धावतानाच्या त्याच्या अवतारासाठी. मान एका बाजूला कललेली, जीभ बाहेर, डोळे मिटत आलेले, खांदे कानापर्यंत चढलेले. कमरेखाली पाय यंत्रासारखे चाललेत आणि वर हा माणूस आता कोसळतो की मग. चित्र चुन्याखाली गेल्यावर चारपाच जणांनी विचारलं, कागदावर मिळेल का? तेव्हा मी ठरवलं, मर्यादित आवृत्ती काढायची. स्क्रीन प्रिंट, पन्नास प्रती, सही आणि नंबर घालून.

पहिली अडचण मीच करून ठेवलेली होती. भिंतीवरचं चित्र मी एका जुन्या बातमीच्या फोटोवरून गिरवलेलं होतं. भिंतीवर कोणी विचारत नाही. विकायला काढलं की विचारतात, आणि विचारायलाच हवं. शेपर्ड फेअरी या अमेरिकन चित्रकाराने केलेलं ओबामाचं २००८ सालचं पोस्टर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते असोसिएटेड प्रेसच्या फोटोवरून केलेलं होतं आणि ते भांडण २०११ साली तडजोडीने मिटलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. चित्रकार अँडी वॉरहॉलने लिन गोल्डस्मिथच्या फोटोवरून केलेल्या, प्रिन्स या गायकाच्या चित्राचा खटला तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ साली निकाल छायाचित्रकर्तीच्या बाजूने लागला. गंमत अशी की १९७७ साली खेळाडूंची मालिका करताना हाच वॉरहॉल पोलरॉइड घेऊन स्वतः फोटो काढत हिंडला होता. पेले, मुहम्मद अली, ख्रिस एव्हर्ट. समोर मुहम्मद अली बसणार असेल तर माणसाने तेच करावं. माझा माणूस २००० सालीच गेलेला.

मग फोटो बाजूला ठेवला. शर्यतींच्या जुन्या चित्रफिती थांबवत थांबवत पाहिल्या आणि हाताने चित्रं काढत सुटले. पन्नासेक तरी झाली असतील. चेहरा हळूहळू हाताला सापडायला लागला, पण मान काही जमेना. जबड्याखालची ती ताणलेली शीर नेमकी कुठून निघते आणि कुठे जाते, हे धूसर चित्रफितीत दिसतच नव्हतं. शेवटी धाकट्या भावाला जिन्यावरून पाच वेळा वरखाली पळवलं, आणि धापा टाकत खाली आला की दिव्यासमोर उभं करून त्याच्या मानेचे फोटो काढले. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, झाटोपेकला तरी पदक मिळालं." ती खेप सगळ्यात चांगली निघाली. नाव आणि चेहरा वापरण्याच्या परवानगीचा पत्रव्यवहार वेगळाच झाला. तो लांबलचक आणि कंटाळवाणा आहे, सोडून देते.

भिंतीवरचं चित्र स्टेन्सिलने केलेलं होतं. आता स्टेन्सिल आणि स्क्रीन यांतला फरक सांगायला हवा, कारण माझी फजिती तिथेच झाली.

स्टेन्सिलमध्ये पुठ्ठा कापून भोकं करतात आणि भोकांतून रंग फवारतात. काळ्या सावलीच्या मधोमध पांढरा दात हवा असेल, तर तो दाताएवढा पुठ्ठ्याचा तुकडा अधांतरी राहत नाही, खाली पडतो. म्हणून त्याला धरून ठेवायला बारीक पट्ट्या सोडायच्या. आम्ही त्यांना पूल म्हणतो. फवारल्यावर या पुलांच्या जागी काळ्यामध्ये उजळ रेघा राहतात. नवशिक्याची स्टेन्सिल त्या रेघांवरूनच ओळखू येते. स्क्रीनला ही भानगडच नाही. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते. जिथे रंग जायला नको तिथे इमल्शनने, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपाने, जाळी बुजलेली, जिथे जायला हवा तिथे उघडी. दाताएवढा ठिपकाही जाळीला धरून बसतो, त्याला पूल लागत नाही.

मी खूश झाले. इतकी वर्षं पुलांनी छळलं होतं. नव्या चित्रात एकही पूल ठेवला नाही.

छपाई काकांकडे. काका म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. आयुष्यभर स्टिकर, कापडी पिशव्या आणि टी-शर्ट छापलेला माणूस. बोटांच्या पेरांत शाई कायमची बसलेली. चित्र पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती रंग?" मी म्हटलं, "चार." वाळूसारखा फिकट, लाल, राखाडी निळा आणि काळा. डोळा आणि दात यांच्यासाठी कोरा कागद. म्हणजे चार फिल्म (दर रंगाला एक पारदर्शक ताव) आणि चार स्क्रीन. फिल्मवर काळ्या रंगात जे असेल तिथपर्यंत उजेड पोचत नाही, तिथलं इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्याने धुऊन निघतं. बाकीचं उजेडाने घट्ट होऊन बसतं. काकांनी ७७ नंबरची जाळी काढली, म्हणजे सेंटिमीटरला ७७ धागे. अंधाऱ्या खोलीत इमल्शन चढवलं, वाळवलं, उजेड दाखवला. दुसऱ्या दिवशी नळाखाली धरल्यावर पाण्याच्या धारेतून झाटोपेकची जीभ उमटत गेली. मी किंचाळलेच.

दोन दिवसांनी नमुन्याची पहिली प्रत निघाली. सुंदर होती. इतकी सुंदर की काहीतरी चुकलंय हे कळायला मला दहा मिनिटं लागली. रेघ न् रेघ स्वच्छ, सावली मऊ, गाल गुळगुळीत. काकांनी चष्मा पुसला, प्रत हातभर लांब धरली आणि म्हणाले, "हा शर्यत संपवून, तोंड धुऊन फोटोला उभा राहिलाय."

दुखत नव्हतं त्याला. कुठेच दुखत नव्हतं.

घरी जाऊन पलंगाखालून जुना पुठ्ठा ओढून काढला. भिंतीचा स्टेन्सिल, रंगाच्या थरांनी कडक झालेला. खिडकीला लावून पाहिला आणि पुलांवर बोट ठेवत मोजले. अकरा. दोन तोंडाच्या कोपऱ्यांतून गालाकडे चढलेले, तीन कपाळावर, एक नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत, बाकीचे मानेवर. चित्र तुटू नये म्हणून ज्या पट्ट्या मी नाइलाजाने सोडल्या होत्या, त्याच भिंतीवर त्याच्या चेहऱ्यावरच्या ताणलेल्या शिरा आणि सुरकुत्या झाल्या होत्या. रंगाऱ्याला जे दुखणं दिसलं ते त्या अकरा पट्ट्यांत होतं. आणि गरज नाही म्हणून मी तेच काढून टाकलं होतं. फोटो दुसऱ्याचा होता, पण पूल माझे होते.

सगळे परत घातले. मानेवरचे भावाच्या फोटोंवरून थोडे सरकवले, कपाळावरचा एक जाड केला. काळ्याची फिल्म नवी, स्क्रीन नवा, खर्च पुन्हा. दुसरा नमुना निघाला तेव्हा काका काही बोलले नाहीत, नुसतं आपलं तोंड किंचित वाकडं केलं. त्या प्रतीवर मी पेन्सिलीने बी.ए.टी. लिहिलं. फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत, अर्थ एवढाच की छापायला हरकत नाही, पुढचं सगळं हिच्यासारखं निघालं पाहिजे.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कापसाचा, ५० बाय ७० सेंटिमीटर. ६५ ताव आणले. छपाई फिक्याकडून गडदाकडे जाते. जाळीवर आधी शाईचा हलका हात फिरवायचा, मग चौकट खाली आणून स्क्वीजी, म्हणजे शाई ढकलायची रबरी पट्टी, एका दमात आपल्याकडे ओढायची. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ येते. ओढताना जाळी कागदावरून सुटत जाते आणि सेलोटेप काढल्यासारखा एक आवाज येतो. तो आवाज एकसारखा आला की प्रत चांगली निघाली असं समजायचं. आवाज तुटला की जाळीत कुठेतरी शाई सुकायला लागलेली असते. काका ओढत होते, मी ताव लावत आणि उचलत होते. वाळूचा रंग झाला, दोन ताव वाया. लाल झाला, आणखी दोन. ६१ राहिले.

तिसऱ्या रंगाच्या आदल्या रात्री पाऊस झाला.

इथे चूक माझी आहे, ती सांगते. दोन रंग जिथे भेटतात तिथे गडद रंग फिक्यावर थोडा चढवून ठेवतात, म्हणजे कागद एखादा केस इकडेतिकडे झाला तरी फट दिसत नाही. काकांनी एक मिलिमीटर सांगितला होता. मला कडा धारदार हव्या होत्या, मी अर्ध्यावर अडून बसले. काका म्हणाले, "कागदाच्या अंगात पाणी शिरलं की तो तुझं ऐकणार नाही." मी म्हटलं, "बघू या."

बघितलं. कापसाचा कागद दमट हवेत वाढतो. तावाचा एक कोपरा खुंट्यांना टेकवून लावलेला असतो, त्यामुळे तिथे सगळं जागच्या जागी दिसतं आणि चूक साठत साठत समोरच्या टोकाला जाते. आम्ही दोघंही खुंट्यांकडच्या बाजूला उभे होतो. अठरावा ताव वाळायला घालताना सहज दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर राखाडी सावली डोळ्याच्या पांढऱ्यावर चढलेली. झाटोपेक एका डोळ्याने आंधळा झाला होता. मागचे बघत गेलो. अठराही तसेच.

काकांनी स्क्वीजी धुतली, दिवा बंद केला, पंखा लावून ठेवला आणि म्हणाले, "दोन दिवस याच्याकडे फिरकायचं नाही." दोन दिवसांनी कागद मूळ मापावर आला. उरलेले ४३ बिनबोभाट निघाले. काळ्यात आणखी तीन गेले, एक तर माझ्याच अंगठ्याच्या ठशाने. चाळीस उरले. जाहीर केल्या होत्या ५०, आणि ४१ जणांनी आधीच मागणी नोंदवली होती.

कमी पडलेल्या प्रती पुन्हा छापणं यात वावगं काही नाही, आवृत्ती अजून पुरी झालेली नव्हती. नवे बारा ताव आणले, लाल पुन्हा मिसळला. ओला असताना हुबेहूब जुळला. वाळल्यावर जुन्याशेजारी ठेवला तर विटेसारखा दिसायला लागला. पुन्हा मिसळला, तो जांभळट गेला. शिवाय नव्या गठ्ठ्यातला कागद किंचित जास्त पांढरा होता. एकेकटी पाहिली तर कोणाला कळलं नसतं. बी.ए.टी. शेजारी ठेवली की मला कळत होतं, आणि ती प्रत त्यासाठीच तर ठेवलेली असते. बारा ताव रद्द केले.

विक्रीचं बघायला एक गृहस्थ तयार झाले होते. त्यांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, अठरा बिघडलेल्या आहेत ना, त्या 'दुर्मिळ चुकीच्या प्रती' म्हणून जास्त भावाने जातील. आणि ए.पी. वाढवा. ए.पी. म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवायच्या प्रती, साधारण आवृत्तीच्या दहा टक्क्यांपर्यंत असा रिवाज आहे. त्यांना वीस हव्या होत्या. वर निळ्या बनियनची वेगळी आवृत्ती, मग हिरव्या. "स्क्रीन आहेच ना," असं त्यांनी तीनदा म्हटलं. बाजारात हे सर्रास चालतं, त्यामुळे त्यांना मी लबाड म्हणणार नाही. पण झाटोपेकला निळी बनियन घालायची तर मग कोणालाही घाला. ते बाजूला झाले, विकण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अठरा प्रती फाडायला बसले. कापसाचा जाड कागद असा फाटत नाही, वाकतो, सोलवटतो आणि पुन्हा तुमच्याकडेच बघत राहतो. अर्धा तास झटापट करून दोन फाटल्या. काकांनी न बोलता कटर आणून ठेवला.

मग नंबर. चाळीसपैकी चार ए.पी., ३६ विक्रीला. खाली डावीकडे नंबर, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीने. पेनची शाई उडू शकते, पसरू शकते. शिसं तिथेच राहतं, आणि कागदावर पेन्सिल टेकल्याची खूण तिरक्या उजेडात दिसते, ती छापून आणता येत नाही. १/३६ सगळ्यांनाच हवी होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत तेव्हा पत्रा झिजत जायचा, पहिल्या प्रती खरंच सरस असायच्या. तिथून हा हट्ट आलाय. स्क्रीनला तो लागू नाही. चार रंगांत ताव इतके वरखाली होतात की जिच्यावर मी १ घातला ती बहुधा विसाव्या की तिसाव्या क्रमाने निघालेली असेल. हे सांगूनही दोघांनी १च मागितली.

तेविसावीवर सवयीने २३/५० लिहून बसले. खोडरबराने पुसलं तर कागदाचा पोत तिथे लव आल्यासारखा झाला. ज्यांची ती प्रत होती त्यांना फोटो पाठवून कळवलं, नको असेल तर पैसे परत. त्यांचं उत्तर आलं, "तीच पाठवा, दुसरी नको." पाच जणांना मात्र प्रत नाही म्हणून कळवावं लागलं. एकाने खूप सुनावलं. त्याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

प्रती पाठवताना सोबत चिठ्ठी ठेवली: काच चित्राला टेकू देऊ नका, मागचा पुठ्ठा आम्लमुक्त घ्या, थेट उन्हात लावू नका. तरी एकाने विचारलंच, लॅमिनेट केलं तर चालेल का.

झाटोपेकने १९६६ साली ऑस्ट्रेलियन धावपटू रॉन क्लार्कला हेलसिंकीचं आपलं एक सुवर्णपदक सरळ देऊन टाकलं होतं. क्लार्कने किती विक्रम मोडले, पण ऑलिम्पिकचं सुवर्ण त्याच्या नशिबी आलं नाही. मी चार ए.पी.मधली एक भावाला देताना आठवडाभर कां कूं केलं. शेवटी दिली. तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो, चेहरा त्याचा आहे, मान माझी.

शेवटचं काम स्क्रीन पुसण्याचं. खरं तर तो करारच असतो, ३६ म्हटलं की सदतिसावी निघायची सोयच ठेवायची नाही. फिल्म कापून टाकल्या. चारही चौकटींवर काकांनी औषध फासलं, थोडा वेळ थांबले आणि पाण्याचा जोरदार फवारा धरला. काळ्याची चौकट शेवटी घेतली. इमल्शन आधी कडेने सुटलं, मग कपाळ गेलं, मग मान. तोंड बराच वेळ राहिलं.

काकांकडच्या चौकटी पुन्हा पुन्हा वापरात असतात. परवा गेले तेव्हा त्यातलीच एक दुसऱ्या कोणाच्या तरी कामासाठी काढलेली होती. काकांनी ती इमल्शन चढवण्याआधी तपासायला खिडकीच्या उजेडात धरली. जाळीत फिकट राखाडी डाग होता. उघडं तोंड, कललेली मान, गालावरच्या रेघा.

"हा नाही निघत," काका म्हणाले. "दोनदा घासला. छापताना त्रास देत नाही, शाई आरपार जाते. पण निघत नाही."

चौकट आडवी ठेवून त्यांनी इमल्शनचा डबा उघडला आणि मला दिवा बंद करायला सांगितला.